एकाच वेलाची अकरा खोडं

आमच्या वहिनीला कुणी कामचुकार म्हटलं की माझं डोकं फिरतं, आधीच सांगून ठेवतो. जंगल मोजणीच्या ऑफिसात ती वीस वर्षं रोजंदारीवर आहे. गळ्यात टेप, हातात रंगाचा डबा. झाडांची, वेलांची खोडं मोजायची आणि आकडा लिहायचा. मी तिचा धाकटा दीर, तिथलाच जीप ड्रायव्हर. घरी मी तिला वाटेल ते चिडवतो, तो माझा हक्क आहे. ऑफिसातल्यांचा नाही.

झालं असं, की नदीपलीकडच्या एका तुकड्यात आधीच्या मोजणीच्या टोळीने दोनशे बारा वेल लिहिले होते. वहिनीने लिहिले एकसष्ट. ऑफिसातल्या नव्या साहेब मॅडम म्हणजे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या. म्हणाल्या, ही बाई सावलीत बसून आकडे ठोकून देते. सोमवारपासून मोजणी बंद, रोपवाटिकेत पिशव्या भरू दे. भाऊ गेल्यावर वहिनीला उभं केलं होतं ते या मोजणीनेच. मी भांडायलाच निघालो होतो, तिने डोळ्यांनीच गप्प बसवलं. मॅडमना एवढंच म्हणाली, "एक दिवस माझ्याबरोबर चला. मग खुशाल काढा."

दुसऱ्या दिवशी मीच दोघींना घेऊन गेलो. वहिनीने एका वेलाच्या खोडाला सुतळी बांधली आणि गुडघ्यांवर बसून पालापाचोळ्यात चाचपत निघाली. वेल कुठे मातीखाली जाई, कुठे मुळांआडून बाहेर येई, कुठे त्याचा एक फाटा झाडावर चढे. मॅडम आधी हाताची घडी घालून उभ्या होत्या. मग वाकल्या. मग काहीच दिसेना म्हणून त्यांनीही गुडघे टेकले. दुपारपर्यंत अकरा खोडं झाली, पण वेल कुठेही तुटला नव्हता. आधीच्या शहाण्यांनी तेच अकरा वेल लिहिले होते.

"हे रान एकदा तोडलेलं आहे," वहिनी म्हणाली. "झाडं पाडली, तसे वरचे वेलही खाली आले. भोपळ्याचा वेल टेकेल तिथे मुळं धरतो ना, तसंच. नवी झाडं वाढली, तसा हा अकरा ठिकाणांहून वर चढला."

मॅडम म्हणाल्या, कागदावर तर या रानाला कधी कुणी हात लावलेला नाही. वहिनीने वाद घातला नाही. कोयत्याने माती खरवडली. खाली एक जुना बुंधा निघाला, आतून पोखरलेला, पण कडेला करवतीचा सपाट काप शाबूत. मग आणखी दोन निघाले.

मॅडमनी त्या सपाट कापावरून बोट फिरवलं. "चुकलं माझं," म्हणाल्या. "बाकीच्या टोळ्यांना शिकवाल?"

"शिकवीन. पण गुडघे टेकावे लागतील. जमेल का विचारा त्यांना."

सोमवारी सगळ्या टोळ्या त्या तुकड्यात रांगत होत्या, मॅडमसकट. मी जीपला टेकून उभा होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, सगळ्यांत पुढे आहे ना, ती माझी वहिनी.