बाबांना त्या गाडीत झोप लागली

मंडळी, आज सकाळी एका बड्या कंपनीच्या सगळ्यात छोट्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. खरं सांगते, मला ती पुढच्या चकचकीत लोगोसाठीच हवी होती. खराडीच्या ऑफिसात सगळ्यांसमोर ती पार्क करतानाचं चित्र मी कितीदा मनात रंगवलंय!

बाबा सोबत होते. "एवढ्याशा गाडीचा एवढा तोरा?" म्हणत मागे बसले.

खडकवासल्याच्या रस्त्याला लागलो आणि काचा बंद केल्या. बाहेरचे हॉर्न कुठेतरी विरून गेले. धरणाच्या पाण्यावर कोवळं ऊन पसरलं होतं. लोगो, ऑफिस, सगळं विसरून मी नुसती चालवत राहिले.

आरशात पाहिलं, तर बाबा गाढ झोपलेले. आई गेल्यापासून त्यांना धड झोप नाही. शेजारी बसलेला शोरूमचा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, अजून थोडं पुढे जाऊ. मी कळवतो शोरूमला."

परतल्यावर बाबा डोळे चोळत म्हणाले, "तुझी आई दिसली गं. माझ्या शेजारी, खिडकीशी बसली होती."

गाडी घ्यायची की नाही, अजून ठरलेलं नाही. पण लोकांना दाखवायला हवी असलेली एखादी वस्तू तुम्हालाही अशी भलत्याच कारणाने आवडून गेलीय का?