सिसिलीचा न उठलेला वेढा

वाचकांनी मला आधीच क्षमा करावी. दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास फळ्यावर उतरवण्यात माझी सारी नोकरी सरली. स्वतःचे काही लिहावे, आणि तेही संगणकावरच्या एका खेळाविषयी, हा माझा अधिकार नव्हे. त्रेसष्टाव्या वर्षीचे हे पहिलेच लिखाण आहे. ते कुठे अडखळले तर तो दोष माझा समजावा.

निवृत्तीनंतर मी बदनापूरला थोरल्या भावाच्या घरी राहतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मधुमेहाने दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. ज्यांच्या शब्दावाचून शेतातली मोट किंवा मोटार कधी चालू झाली नाही, ते दादा पुढच्या खोलीतल्या पलंगावर बसून राहू लागले. आरंभी रस्त्यावरून जाणारी वाहने ते आवाजावरून ओळखत. पुढे तेही त्यांनी सोडले.

माझ्या मुलीने तिचा जुना लॅपटॉप मला दिला, त्यात हा खेळ होता. प्राचीन रोमच्या फौजा आपण हलवायच्या, शहरे जिंकायची, त्यांना धान्य पुरवायचे. एक पाळी म्हणजे एक ऋतू. शाळेत मी रोम दोन तासांत उरकत असे, त्याची भरपाई करावी अशा भावनेने मी खेळू लागलो. एका दुपारी दादा म्हणाले, "काय करून राह्यलास रे मास्तर? कवाचं टकटक टकटक."

मी सांगितले.

"मंग मोठ्यानं सांग की. एकटाच लढाई करतो का?"

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार मी मोहिमेचे कथन करू लागलो. वहिनींनी जुन्या गोधडीवर जाड दोऱ्याने इटली, सिसिली आणि आफ्रिकेचा किनारा टाचून दिला. रोमच्या पलटणी म्हणजे चिंचोके, शत्रूच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या कार्थेजच्या, सागरगोटे. मी पडद्यावर पाहून सांगावे, दादांनी बोटांनी चाचपून सोंगट्या हलवाव्यात आणि हुकूम द्यावा, मी तो बजावावा, असा क्रम ठरला. दादा पुन्हा हुकूम देऊ लागले होते. वहिनी आतून म्हणत, "भाऊजी, तुमच्या फौजेला सांगा, चहा थंड होऊन राह्यलाय." त्यावर दादा म्हणत, "तिला म्हणावं, आधी कार्थेज, मंग चहा."

दादांचे प्रश्न मात्र शेतकऱ्याचे असत. त्या शहरात आड किती? जमीन काळी की मुरमाड? खेळ हे सांगत नाही. प्रथम मी तसे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. मग मी सांगू लागलो, आड चार, जमीन काळी, वारा दर्याकडून. एवढेसे खोटे कथनात चालते, अशी मी माझी समजूत घातली.

सिसिलीतल्या डोंगरावरच्या एका शहरात आमच्या सहा पलटणी होत्या. कार्थेजची मोठी फौज चालून आली. पडद्यावर मला दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. कोठारात दोनच ऋतूंचे धान्य होते आणि दक्षिणेची वाट अजून मोकळी होती. दादा म्हणाले, "गारपीट आली की पळायचं न्हाई. घरात बसायचं. वेशी लावून घ्या. चार आड हायेत ना? मंग काय चिंता?"

त्या चार आडांपैकी एकही नव्हता. शिवाय आमच्या घरात थोरल्याचा शब्द खाली पाडायची रीत नाही. वडील गेल्यापासून मी दादांपुढे "पण" हा शब्द उच्चारल्याचे मला आठवत नाही. धान्याचे आणि वाटेचे न सांगताच मी वेशी लावल्या.

दोन पाळ्यांनंतर धान्य संपले. तिसऱ्या पाळीला शहर पडले आणि सहाही पलटणी नकाशावरून पुसल्या गेल्या. मागे जतन केलेला डाव उघडता येतो हे मला फार उशिरा कळले. तोवर त्याच्यावरच मी नवा जतन केला होता. दादा सहा चिंचोक्यांवर पालथा हात ठेवून बसले होते.

"मंग? उठला का वेढा?"

त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता होती, ती मी दोन वर्षांत पाहिली नव्हती. हरलो म्हणावे तर कोणाच्या हुकमाने, हेही सांगावे लागले असते. मी म्हणालो, "उठला, दादा."

"बराबर!" त्यांनी मांडीवर थाप मारली आणि सागरगोटे स्वतःच्या हाताने समुद्रात लोटले.

तेव्हापासून अकरा आठवडे मी दोन मोहिमा चालवीत आहे. लॅपटॉपमधली केव्हाच आटोपली, रोमही गेले. गोधडीवरची मात्र रोज पुढे सरकते. दुपारी दोनला मी लॅपटॉप उघडतो, कळांचा आवाज व्हावा म्हणून कोऱ्या पानावर वाटेल ती अक्षरे उमटवतो आणि तोंडाने विजय सांगतो. काल काय सांगितले याचा आज विसर पडू नये म्हणून वहीत टिपून ठेवतो. एक दिवस ताप असूनही मी बसलो, कारण दादांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फौज उतरवली होती आणि ती तशीच ठेवणे त्यांना मान्य नव्हते. पलंग आणि खिडकी यांमध्ये माझी खुर्ची आहे. उठायचे म्हटले तरी दादांचे पाय ओलांडावे लागतात.

त्याच पायाचे आता सांगतो. गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या अंगठ्याला चपलेने जखम झाली. ती भरेना, काळी पडली. जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "अंगठा काढावा लागेल. लवकर काढला तर पाऊल वाचेल." घरी येऊन मी जमेल तितक्या नरमाईने विषय काढला.

दादा हसले. "मास्तर, तूच सांगितलं ना? चौफेर दुश्मन, बाहेर पडायला जागा न्हाई. आपण काय केलं?"

मी त्यांच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिले.

"वेशी लावल्या. बसून राह्यलो. वेढा उठला का न्हाई?"

"उठला," मी म्हणालो.

"मंग हा बी उठंल. जल्दी काय हाय?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "खेळातलं आन् पायातलं एक हाय का?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमचं ऐकतेत ते. तुम्ही सांगा."

परवा मी कथनातूनच चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. म्हणालो, "दादा, सिसिलीतून बातमी आहे. शत्रू परत आला. शहर पडले. कोठारात धान्यच नव्हते."

दादांनी गोधडीवर हात फिरवला, शहरासाठी घातलेल्या दोऱ्याच्या टाक्यापाशी थांबले, चिंचोके मोजले. सहा.

"तवा दुश्मनाची एवढी फौज असून पडलं न्हाई, ते आता कसं पडंल? चार आड हायेत तिथं. तू वाचण्यात चुकून राह्यलास. चष्मा पूस, परत बघ."

मी चष्मा पुसला. समोर कोऱ्या पानावर निरर्थक अक्षरांच्या तीन ओळी होत्या. मी म्हणालो, "हो दादा, माझीच चूक. शहर शाबूत आहे."

आज सकाळी पट्टी बदलताना वहिनींनी नाकाला पदर लावला. दादांना ते दिसत नाही, पण पट्टी बांधून होईपर्यंत त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले होते. डॉक्टरांनी गुरुवारपर्यंतची मुदत दिली आहे. खरे सांगितले तर ते कदाचित जालन्याला येतील. किंवा जो एकच माणूस त्यांना बाहेरचे सांगतो, त्याच्यावरचाही त्यांचा विश्वास उडेल आणि मग डॉक्टरांचे म्हणणे त्यांच्यापर्यंत पोचवणारे कोणी उरणार नाही.

आज मंगळवार आहे. दीड वाजला आहे. दादांनी गोधडी अंथरून घेतली आहे आणि ते मला हाक मारत आहेत. जन्मात ज्यांच्यापुढे कधी "पण" म्हटले नाही, त्या माणसाला तुम्ही हे कोणत्या शब्दांत सांगितले असते?