मागचं प्रकरण पुढे

आमचा मामा छापखान्यात प्रुफं तपासायचा. कागदात डोकं खुपसून खुपसून त्याची मान कायमची वाकली होती. त्याच्या हातून एकदा सहाशे पानांची कादंबरी गेली. तिच्यात पूर्णविराम शोधावा लागे आणि प्रकरणांना आकडेच नव्हते. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरची, अजून पानांचे आकडे न पडलेली प्रुफं खाली पडली, मामाने घाईघाईत गोळा करून लावली आणि एक गठ्ठा मागचा पुढे गेला. पुस्तक छापून आल्यावर आवडीने एक प्रत घरी आणून वाचायला बसला, तेव्हा घोळ लक्षात आला. कादंबरीतला म्हातारा आधी मेला होता आणि तीस पानांनंतर आजारी पडत होता.

नोकरी जाईल म्हणून मामा गप्प बसला. आज ना उद्या कोणीतरी बोंब मारेल, या धाकात वर्षं गेली. कोणी मारली नाही. बहुतेकांनी विसाव्या पानावरच हात टेकले. उरलेल्यांनी लेख लिहिले. एका समीक्षकाने ‘काळाची उलटी चाल’ म्हणून चर्चासत्र भरवलं. मग काय, नवे लेखकही आपली माणसं आधी मारून मग आजारी पाडू लागले. मला हसू यायचं. मामाला घास गिळवत नसे. भित्रा कुठला, असं मी त्याला तोंडावर म्हणायचे.

एकोणतीस वर्षांनी कळलं, लेखक अंथरुणाला खिळलेत, फार दिवस काढणार नाहीत. मामा मला सोबत घेऊन गेला आणि पलंगाशी उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळा झाला.

“माहितीये मला,” लेखक म्हणाले. “पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत, साहेब?”

“म्हटलं, वाचलेला कोणीतरी विचारायला येईल. वाट बघत बसलो.” त्यांना धाप लागली. “आलात ते तुम्ही. तुम्हाला तर वाचायचाच पगार होता.”

मामा नमस्कार करून खोलीबाहेर पडला. जिन्यात मी भडकले.

“अरे, सांगायचंस ना! घरी स्वतःच्या हौसेने किती वेळा वाचलीस ती?”

“अकरा.”

“मग चल परत वर!”

“वाट लावली मीच. आता कुठल्या तोंडाने सांगू, की मला फार आवडली म्हणून?”

मी हात धरून ओढलं, तरी तो हलला नाही. लेखक गुरुवारी गेले, आपल्याला एकही वाचक मिळाला नाही असं समजून.