कळंब तालुका बर्फ-हॉकीचे अध्यक्ष

जो खेळ कळंब तालुक्यात कुणीही खेळत नाही, त्या प्रत्येक खेळाचे तालुकाध्यक्ष आमचे आतोबा आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे मालक. मार्केट यार्डात त्यांची धान्याची आडत आहे. पण तिथं सोयाबीनचा भाव विचारायला आलेल्या माणसालाही ते आधी व्हिजिटिंग कार्ड देतात, भाव नंतर. नौकानयन संघटना त्यांची, आणि आमच्या मांजरा नदीत उन्हाळ्यात चप्पल न भिजवता पलीकडं जाता येतं. घोडेस्वारी संघटना त्यांची, आणि तिच्या नोंदीत घोडी एकच, तीही वरातीची. कबड्डी, खो-खो असल्या खेळांकडं ते ढुंकूनही बघत नाहीत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "अगं, खेळाडू असला की भांडण आलं, भांडण आलं की निवडणूक आली. आपल्या खेळात खेळाडूच न्हाय, म्हणून संघटनेत एकी हाय."

आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही. एसटीच्या पाससाठी रांगेत उभी राहून मिळवलेली पदवी आहे ती. तिचा सगळ्यात जास्त उपयोग मात्र आतोबांनी करून घेतला. त्यांची भाषणं मी लिहायची. पहिल्या वेळी मी साधं, नेमकं लिहून दिलं. ते वाचून त्यांचा चेहरा पडला. "ह्यात 'सर्वांगीण' एकदाबी न्हाय गं! मग एवढं शिकून काय केलंस?" तेव्हापासून मी आधी 'सर्वांगीण विकास' लिहिते आणि मग तो कशाचा ते ठरवते.

मागं आखातातल्या एका देशात आशियातल्या बायकांच्या बर्फावरच्या हॉकीची स्पर्धा भरली होती. आपल्या देशाच्या पोरी, बहुतेक लडाखच्या, त्यात खेळत होत्या. आतोबांना हे मोबाइलवर दिसलं आणि दुपारी आडतीवर न झोपता ते आमच्या घरी आले. "बघ, तिथं चहूकडं वाळवंट. तरी छपराखाली बर्फ गोठवलाय. वाळवंटात बर्फ व्हतो, तर कळंबला का न्हाय? आन कळंबला झाला की शेजारच्या भूमलाबी करू, तिथं तर ऊन जास्त हाय." जास्त ऊन ही बर्फाच्या खेळाला लागणारी पात्रता आहे, असं त्यांनी तेवढ्या वेळात मनाशी धरलं होतं. पण या खेळावर त्यांचा जीव जडण्याचं खरं कारण वेगळं होतं. त्यांनी मला फोटो दाखवला: डोक्याला शिरस्त्राण, तोंडाला जाळी, अंगभर गाद्या बांधलेल्या पोरी. "नखसुदीक दिसत न्हाय," आतोबा समाधानानं म्हणाले. "ह्या खेळाला कुणी नावं ठेवू शकत न्हाय." आठवडाभरात तालुका महिला बर्फ-हॉकी संघटना निघाली आणि बसस्टँडासमोर फलक लागला. त्यावर आतोबा पोत्याएवढे होते आणि भारतीय संघ तळाशी, मुठीत मावेल एवढा.

नावं ठेवण्याची त्यांना एवढी धास्ती का, हे सांगायला हवं. त्यांची धाकटी लेक सारिका, माझी आतेबहीण, खरंच हॉकी खेळते. साधी, मातीवरची. दोनदा तिला पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रानं बोलावलं आणि दोन्ही वेळा महिला क्रीडेवर भाषणं देणाऱ्या अध्यक्षांनी "पुढच्या साली बघू" म्हणून विषय मिटवला. वयात आलेली पोरगी, आखूड कपडे, परका गाव, लोक काय म्हणतील. यंदा तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं. सोमवारी हजर व्हायचं. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. सारिका बापाशी बोलेनाशी झाली होती. आत्या बोलत होती, पण भांड्यांमधून.

आणि त्या सोमवारच्या दोनच दिवस आधी, शनिवारी, आपल्या पोरींचा तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना होता. आतोबांनी मंगल कार्यालय घेतलं, पडदा लावला. कार्यक्रम म्हटला की सत्कार आला, आणि तालुक्यात बर्फावरचं कुणी नाही. म्हणून गावातल्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकालाच शाल-श्रीफळ ठरलं. उद्घाटनासाठी दारात मोठ्या परातीत बर्फाच्या लाद्या मांडल्या होत्या. या खेळात चेंडूऐवजी रबरी चकती असते; प्रमुख पाहुण्यांनी ती त्यावर काठीनं ढकलायची. मी म्हटलं, "आतोबा, पाहुणे आल्यावर लाद्या काढा." ते म्हणाले, "आधी मांडून ठेवायची रीत हाय. पाहुण्याला ताटकळत ठेवता येतं का?" पाहुणे त्यांच्या रीतीप्रमाणं उशिरा आले. तोवर परातीत पाणी होतं आणि चकती बुडाली होती. पाहुण्यांनी परात बघितली, क्षणभर थबकले, मग हात जोडून पाण्याला फूल वाहिलं आणि तालुक्याच्या पाणीयोजनेवर भाषण केलं. टाळ्या कडकडून पडल्या. आमच्याकडं बर्फापेक्षा पाण्याच्या उद्घाटनाला मान जास्त आहे.

सामना सुरू झाला तेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं. बायकांच्या बाजूला बसलेली आत्या मला म्हणाली, "ती काळी चकती बघ, करपल्याली भाकरी दिसती. आन एका भाकरीपायी एवढ्या जणी!" पण हळूहळू सगळ्यांना गोडी लागली. मग आपली एक पोरगी भरधाव येऊन कडेच्या फळीवर आदळली आणि बर्फावर पडून राहिली. पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. आत्या खुर्चीवरून उठून उभी राहिली. "ऊठ गं माय!" ती पडद्याला म्हणाली. "ऊठ की!" पोरगी गुडघ्यावर आली, काठी टेकून उभी राहिली आणि परत त्या चकतीमागं पळाली. पोरींनी सामना जिंकला. माणसं शिट्ट्या मारायला लागली.

आतोबा माइककडं गेले तेव्हा त्यांच्या हातात माझं भाषण होतं, त्यात सर्वांगीण चार वेळा. ते त्यांनी वाचलंच नाही. डोळे पुसत म्हणाले, "ती जी पडली न्हवं का, तिच्या बापाला म्या इथनं हात जोडतो. कसल्या काळजाचा माणूस असंल! एवढी लांब सोडली पोर."

बायकांच्या बाजूनं आत्याचा आवाज आला. "तुमच्यावानी अध्यक्ष न्हवता त्यो, म्हणून सोडली!"

सगळं सभागृह हसलं. आतोबांनी "आपण पुढच्या साली..." असं सुरू केलं.

"पुढच्या सालाचं मला सांगू नका," आत्या म्हणाली. "सोमवारची एसटी हाय. अवो, एवढ्या मानसांत हात जोडलेत न्हवं त्या बापाला? मग बोला. माइक चालू हाय तवर बोला."

दाराजवळ सारिका उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घेऊन. आतोबांनी तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. तिथं पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. साध्या शब्दांत बापाला बोलता येईना, म्हणून अध्यक्ष बोलले, "सदर ठराव... एकमतानं मंजूर करण्यात येत हाय." आणि माइक तसाच चालू ठेवून खाली बसले.

सारिका सोमवारी गेली. तिला जाऊनही आता बरेच दिवस झाले. दर रविवारी तिचा फोन येतो. शंभर माणसांपुढं तासभर बोलणारे आतोबा फोन घेतात, "जेवलीस का" एवढं विचारतात आणि फोन आत्याच्या हातात देऊन ओट्यावर जाऊन बसतात. तिथून आत्याच्या बाजूचं तेवढं बोलणं ऐकतात. मागच्या रविवारी मी तिथंच होते. आत्यानं फोन ठेवला तसं न बघताच त्यांनी विचारलं, "काय म्हणली?"

"पडली म्हणं मैदानात. गुडघा फुटलाय."

आतोबांनी मान रस्त्याकडं वळवली. समोरून एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसली.

"उठली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"उठली की," आत्या म्हणाली. "गोलबी केला म्हणं."

आतोबांनी मान हलवली आणि अंधार पडला तरी ते तिथंच बसून राहिले.