फक्कीचं घर

इंग्लंडच्या उत्तरेकडे एका डोंगरउतारावर आमच्या शेजाऱ्यांचं दगडी शेतघर आहे. मी तिथे कधी गेलेलो नाही, पण त्या घरातून एकदा फिरून आलो आहे. मस्कतमध्येच, मदिनत सुलतान काबूस या वस्तीत, आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर.

शेजारी म्हणजे ऐंशीला टेकलेले इंग्रज गृहस्थ. उमेदीची वर्षं ओमानात इंजिनीअर म्हणून गेली, पत्नी इथेच वारली. माझ्या बायकोला ते भाभी म्हणत, ती त्यांना अंकल. दोघांच्या गप्पा हिंदीत चालत. मागच्या हिवाळ्यात त्यांना मायदेशी परतायची ओढ लागली. त्या बंद घरात या वयात एकट्याला राहता येईल का, एवढाच प्रश्न होता. नसेल तर बहीण ते विकून टाकणार होती, आणि गिऱ्हाईक उत्तरासाठी खोळंबलं होतं.

बहिणीने मापं आणि फोटो पाठवले. कुरुमच्या एका कंत्राटदाराकडे मापांचा हिशेब करणं हे माझं काम, म्हणून नकाशा काढायला अंकलनी मला सांगितलं. घर लांबट, बुटकं, साठ फूट बाय वीस. उताराच्या वरच्या बाजूला माणसं, खालच्या बाजूला गायी, आणि दोघांवर एकच छप्पर. छपरालाही दगडाच्याच फरश्या. खाली मोठ्या, वर जाताना लहान होत गेलेल्या. भिंती सव्वादोन फूट जाड. दोन्ही अंगांनी घडीव दगड, मध्ये चुरा, आणि दोन्ही अंगं धरून ठेवायला मध्येमध्ये आरपार घातलेले लांब दगड. मी हिशेब केला, तर चौथ्या हिश्शाहून जास्त जागा भिंतीच खात होत्या. आमच्या फ्लॅटच्या भिंती आठ इंची आहेत आणि शेजारच्या घरातला मिक्सर आम्हाला ऐकू येतो.

नकाशा हातात घेऊन अंकल तो बराच वेळ फिरवत राहिले. यात मला माझं घर दिसत नाही, असं म्हणाले. आयुष्य नकाशांत गेलेला माणूस हे म्हणत होता.

आमच्या कोकणात पाया खणण्याआधी दोरी धरून जमिनीवर चुन्याची फक्की मारतात, आणि घरची माणसं त्या रेषांतून हिंडून बघतात. चूल कुठे, दार कुठे, ते तिथे चालताना ठरतं. मी हे सांगितल्यावर अंकल इथल्या अरबीत एवढंच म्हणाले, "यल्ला." चला. प्लॉटच्या मालकाची परवानगी घेतली. तो हसून म्हणाला, पाया तेवढा खणू नका.

शुक्रवारी ऊन उतरल्यावर घर उभं राहिलं. म्हणजे, आडवं झालं. पुढच्या दाराच्या रेषेपाशी बायकोने चपला काढल्या.

"अगं, खडे आहेत," मी म्हणालो.

"घरात शिरतोय ना?"

अंकलनी तिच्याकडे पाहिलं, आणि वाकून सावकाश बुटांच्या नाड्या सोडल्या.

आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरात, दगडी खांबांनी तीन भाग केलेल्या खिडकीपाशी ते थांबले आणि बाहेर काय दिसतं ते सांगू लागले. रचलेल्या दगडांचा बांध, त्यापलीकडे ओलं कुरण, मेंढ्या, धुकं. समोर मस्कतचे उघडे तपकिरी डोंगर होते, पण संध्याकाळच्या धुरकट उजेडात तेही विरघळत चालले होते. काही वेळ मलाही ते हिरवे वाटले. उत्तरेकडच्या, दूध-लोणी थंड ठेवायच्या खोलीत बायको म्हणाली, इथे गार लागतंय. तिथे आमच्या बिल्डिंगची सावली आली होती, हे मी बोललो नाही.

चुलाण्याशेजारी भिंतीत वळत जाणारा जिना मी एकेका पायरीचा त्रिकोण काढून दाखवला होता. अंकलनी पहिल्या त्रिकोणात पाय ठेवला, आधारासाठी हात लांब केला, आणि तिथे भिंत नव्हती. बायकोने खांदा पुढे केला.

"हा मला जमणार नाही," ते म्हणाले.

निजायच्या खोल्या वरच होत्या.

शेवटी उरलंसुरलं पाहून घ्यावं तसे ते गोठ्याकडे वळले. मधल्या दाराच्या रेषेवर ते जवळजवळ निम्मे वाकले, पलीकडे गेले आणि सरळ झाले. वर मोकळं आभाळ होतं. त्यांचं त्यांनाच हसू आलं. म्हणाले, लहानपणी ही चौकट कायम कपाळाला लागायची. पुढच्या दाराने आम्ही कधी आलोच नाही, सगळा वावर गोठ्यातून.

मग ते गोठ्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. जमीन एका पायरीने खाली, शेण-पाणी वाहून जावं म्हणून. पण त्यानंतर पायरी नाही, जिना नाही, आणि दक्षिणेला गायींचं रुंद दार. आतली रुंदी त्यांनी मला विचारली. साडेपंधरा फूट, मी सांगितलं. ते बोट दाखवू लागले: पलंग इथे, शेगडी तिथे.

"अंकल, गोठ्यात राहणार तुम्ही?"

"भाभी, आमच्या गायींना कधी सर्दी झाली नाही."

मोजे घातलेल्या पायांनी तिथेच उभं राहून त्यांनी बहिणीला फोन लावला. विकू नकोस, वरच्या बाजूचं राहतं घर भाड्याने देऊ, असं सांगितलं. तिने बहुधा विचारलं, कुठून बोलतोयस? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, गोठ्यातून.

मी टेप उचलली आणि रुंद दाराचं माप पुन्हा घेतलं. पलंग आत जायला हवा.