पाच मजले आणि एक शेड

ऑफिसात त्यांना सगळे जुळेकाका म्हणत. स्वतःला एकुलती एक मुलगी, तीही लग्न होऊन दूर गेलेली. पण कामावर हा गृहस्थ कुठल्याही इमारतीचं जुळं करून द्यायचा. संगणकात आधी खरी इमारत उभी करायची, मग शेजारी तिच्याच मापाची दुसरी, खोटी. तेवढ्याच भिंती, तेवढीच माणसं, फक्त एसीची यंत्रणा नियमपुस्तकात सांगितलेली, चारचौघींसारखी. खोटीपेक्षा खरी जितकी कमी वीज खाईल, तितकी तिला शाबासकी. सगळी मेख खोटीला कोणती यंत्रणा द्यायची यात होती. दुबळी दिली की खरी आपोआप हुशार ठरते. वासरांत लंगडी गाय शहाणी. आणि काका तर असल्या गायीचं कौतुक मेले तरी करणार नाहीत. घरीसुद्धा बायकोने भाजी कशी झालीय विचारलं, की ते ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारत. संसार टिकला तो त्या माउलीच्या पुण्याईने.

एकदा खुद्द मेव्हण्याचीच इमारत काकांच्या टेबलावर आली. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा, लाडावलेला भाऊ. त्याला वीजबचतीचं प्रमाणपत्र हवं होतं. ते मिळालं तरच एक मोठी कंपनी सगळी इमारत भाड्याने घेणार होती. पुस्तकातला नियम सरळ होता. पाच मजल्यांपर्यंत खोट्या इमारतीला मजल्यागणिक सुटी यंत्रं, ती वीज भरपूर खातात. सहावा मजला आला, की सगळ्यांना मिळून एकच मोठी यंत्रणा, ती काटकसरी. म्हणजे पाच मजले असले तर मेव्हणा पास, सहा असले तर नापास. नकाशात मजले पाचच होते आणि वर गच्चीवर ‘शेड’ लिहिलं होतं. त्या शेडचा ऐसपैस आकार पाहूनच काकांनी पट्टी काढून ती दोनदा मोजली.

बायकोने आधीच बजावलं होतं, की जन्मात एकदा तरी माझ्या माहेरचं काम कुरकुर न करता करा. तिचं मागणं काही जगावेगळं नव्हतं, आणि हीच काकांची पंचाईत होती.

मेव्हण्याने दोघांना इमारत बघायला बोलावलं आणि जेवणाचा बेत त्या शेडमध्येच केला. चारी बाजूंना काचा, गुळगुळीत फरशी, दारापाशी फुलझाडं. बायकोने बसल्याबसल्या शाल घट्ट ओढून घेतली.

“भाऊजी, उकडत नाही ना? तुमच्यासाठी मुद्दाम सकाळपासून एसी लावून ठेवलाय,” मेव्हणा म्हणाला.

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. पाणी पिऊन ते हळूच म्हणाले, “काचा बंद आणि वर एसी, मग हा सहावा मजला झाला रे.”

मेव्हण्याने आशेने ताईकडे पाहिलं. ताई काचांकडे पाहत राहिली. पुढे कित्येक दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. काकांना ते फार लागलं. तरी त्यांनी सहाचे पाच केले नाहीत.

शेवटी मेव्हण्यानेच दात-ओठ खात शेडमधला एसी काढला, काचाही उतरवल्या. आता ती खरोखरच शेड उरली. काकांनी स्वतः जाऊन खात्री केली, मगच खोट्या इमारतीला सुटी यंत्रं दिली. प्रमाणपत्र आलं, कंपनीही आली.

उद्घाटनाचं जेवण मेव्हण्याने हट्टाने त्या उघड्या शेडमध्येच ठेवलं, तेही भर दुपारी. सगळं गणगोत घामाने निथळत होतं आणि मेव्हणा एकेकाला सांगत फिरत होता, की ही सगळी भाऊजींची कृपा. काकांच्या टेबलाशी कुणी फिरकेना. ते ताटात मान घालून एकटेच जेवत होते.

तेवढ्यात बायको खुर्ची ओढत आली.

“मघाशी कंपनीच्या साहेबांनी त्याला किती मजले म्हणून विचारलं,” ती म्हणाली. “पाच म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, आता ते खरं होतं ना.”

मग तिने आपली खुर्ची काकांच्या खुर्चीला अगदी चिकटवून घेतली. त्या उकाड्यात कुणाच्या इतक्या जवळ बसायला दुसरं कुणी धजलं नसतं.