बाबांनी गोळ्या सोडल्या तेव्हा

मी गावची आशा सेविका. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात घरोघरी जाऊन ‘गोळ्या सोडू नका’ म्हणून सांगायचं, हे माझं कामच. माझे बाबा तलावात मासे धरतात. त्यांना बीपी निघालं तेव्हा गावाला सांगायची तेच मी घरातही चालवलं.

चामोर्शीच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली. पुढे गुडघे दुखले म्हणून गडचिरोलीच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथून पिशवीभर औषधं आली. मग पाय सुजले, तर शेजाऱ्यांनी सुचवलेल्या तिसऱ्या डॉक्टरकडे नेलं; त्यानेही गोळ्या दिल्या. जुन्या गोळ्या बंद करा, असं कोणी म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. दिवसाला अकरा गोळ्या झाल्या. त्या मी माझ्या हाताने द्यायची.

“पोरी, मले गरगरते. या गोळ्यायनंच होऊन राह्यलं,” बाबा म्हणायचे.

“नाई खाल्ल्या तर याच्याहून जास्त होईल,” मी दटावायची.

एका सकाळी डोंग्यात उभं राहून जाळं फेकताना त्यांचा तोल गेला. जन्म तलावात गेलेला माणूस, पण पाण्यात हातपाय हलेनात. सोबतच्या काकांनी केस धरून वर ओढलं. मी धावत काठावर पोचले तेव्हा ते पाणी ओकत होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “आता नाई.”

त्या दिवसापासून एकही गोळी नाही. मी विनवलं, रडले, आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. काही उपयोग झाला नाही. गावात तोवर सगळ्यांना कळलं होतं. लोहाच्या गोळ्या घेऊन एका गरोदर बाईकडे गेले, तर तिने दारातूनच विचारलं, “ताई, तुमचे बाबाच खात नाई. मग मी काऊन खाऊ?”

गोळ्या पिशवीत परत टाकून मी निघाले.

आठव्या दिवशी बाबांचं डोकं ठणकायला लागलं. उपकेंद्रातल्या सिस्टरने घरी येऊन बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “आजच्या आज दवाखान्यात न्या.” बाबा खाटेवरून हलेनात. शेवटी गोळ्यांची पिशवी घेऊन मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या, उलटून बारीक अक्षरं वाचली आणि तीन पट्ट्या वेगळ्या काढल्या.

“नावं वेगळी आहेत. आत औषध एकच आहे. यांच्या पोटात तिप्पट जात होतं. चक्कर त्यानेच, पायाची सूजही बहुतेक त्यानेच.”

मी तिन्ही पट्ट्या हातात घेऊन नावं पाहिली.

“पण एकदम सगळं सोडलं म्हणून आता बीपी चढलंय,” त्या म्हणाल्या. “यातली एक लागेलच. आजपासून. बाकीच्यांचं त्यांना तपासून ठरवू. उद्या त्यांना कसंही करून इथे आणा.”

घरी आले. बाबांच्या खाटेजवळ खाली बसले. “बाबा, तुमचं खरं होतं. चूक माझी झाली.” आणि मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

“काल म्हने खा, आज म्हने नको खाऊ,” ते भिंतीकडे तोंड करून बोलले. “उद्या पाचवा डॉक्टर काय म्हनल?”

मी त्या तीन पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या आणि औषधाचं नाव कुठे छापलंय ते दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नाही. ते उठून बसले आणि नखाने एकेक अक्षर तिन्हींवर जुळवत गेले. मधेच डोकं दाबून धरायचे. आई दारात उभी होती.

“एकच हाय?”

“एकच.”

“अन् तू मले तिन्ही खाऊ घातल्या.”

“हो.”

त्यांनी दोन पट्ट्या बाजूला ठेवल्या. मग पाणी मागितलं आणि एक गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवर मागे बसून दवाखान्यातही आले.

बीपी उतरायला आठवडा गेला. पायांची सूज ओसरली. आता ते कोणत्याही डॉक्टरला आधी विचारतात, “हे कायची गोळी? आधीची चालू ठेवू का बंद करू?” काही डॉक्टर वैतागतात. बाबा उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत.

त्या गरोदर बाईकडे मी पुन्हा गेले आणि माझ्या चुकीसकट सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बसा ताई. आता या गोळ्यायचं सांगा.”